क्लासच्या कॉम्प्युटरवरून स्टिकी कीज कायमच्या काढून टाकू का?

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात परत मांडतो म्हणजे बाकी वाचणाऱ्यांनाही कळेल. तालुक्याच्या गावी तुमचा कॉम्प्युटर क्लास आहे, १४ मशीन, सगळ्या विंडोजवर. पोरं शिफ्ट बडवत बसतात, मधेच स्टिकी कीज (शिफ्ट, कंट्रोल दाबून सोडली तरी दाबलेलीच धरणारी सेटिंग) चालू करायच्या का असं विचारणारा पॉपअप येतो, कुणीतरी न वाचता होय करून टाकतं आणि पुढच्या बॅचला त्या मशीनवर कंट्रोल, शिफ्ट भलतंच वागायला लागतात. नऊ नंबरच्या मशीनला तर तुम्ही दोनदा नवीन कीबोर्ड लावला तरी अक्षरं उमटत नाहीत. आणि तुम्ही विचारलंय की ही अ‍ॅक्सेसिबिलिटीची भानगड, म्हणजे हाताला वगैरे त्रास असलेल्यांसाठी दिलेल्या या सोयी, मुळातूनच काढून टाकायची कशी, आणि खरंच हे कुणी वापरतं तरी का.

मी २२ वर्षं कॉम्प्युटर दुरुस्तीचं काम करतोय, आणि त्यातली गेली बारा-एक वर्षं माझा निम्मा वेळ हाताला काही ना काही त्रास असलेल्या लोकांच्या घरी किंवा ऑफिसात जाऊन त्यांचं मशीन त्यांना वापरता येईल असं लावून देण्यात जातो. म्हणजे मी दोन्ही बाजूची माणसं रोज बघतो, "हे काय आलंय ते घालवा" म्हणणारी पण आणि "हे आधी कुणी सांगितलं का नाही" म्हणणारी पण. त्यामुळे उत्तर लांबणार आहे, पण आधी नऊ नंबरचं मशीन बघू कारण ते तुम्हाला रोज छळतंय.

त्या मशीनवर बहुतेक फिल्टर कीज चालू आहेत. उजव्या बाजूची शिफ्ट सलग ८ सेकंद दाबून धरली की विंडोज फिल्टर कीज चालू करायच्या का असं विचारतं, आणि होय केलं की कीबोर्ड घाईघाईत दाबलेली बटणं मोजतच नाही, प्रत्येक की साधारण एक सेकंद दाबून धरली तरच अक्षर उमटतं. आपण नेहमीच्या वेगाने टाइप करतो तेव्हा कुठलीच की एवढा वेळ दाबलेली राहत नाही, त्यामुळे कीबोर्ड मेला असंच वाटतं. कीबोर्ड बदलून उपयोग होत नाही कारण बिघाड कीबोर्डात नाहीच, सेटिंग विंडोजमध्ये आहे. माझ्याकडे "कीबोर्ड उडाला" म्हणून आलेल्या तक्रारींमध्ये हा प्रकार इतक्या वेळा निघालाय की मी आता स्क्रूड्रायव्हर काढायच्या आधी फोनवरच सांगतो, एखादी की दोन सेकंद दाबून धरा, अक्षर आलं का? आलं तर उजवी शिफ्ट परत ८ सेकंद धरा, कीबोर्ड जिवंत होतो. तुम्ही पण हेच करून बघा.

हे चालू होतं कसं ते पण सांगतो, कारण तुम्हाला वाटतंय की पोरं मुद्दाम करतात आणि बऱ्याचदा तसं नसतं. विचार करत असताना करंगळी उजव्या शिफ्टवर टेकलेली राहते, कीबोर्डच्या कडेला वही किंवा डबा ठेवलेला असतो, लहान मूल तळवा टेकवून बसतं, आठ सेकंद म्हणजे फार नाही. स्टिकी कीजचं वेगळं आहे, तिथे शिफ्ट पाच वेळा लागोपाठ दाबावी लागते आणि मधे दुसरी कुठलीही की दाबली तर मोजणी परत पहिल्यापासून सुरू होते. म्हणून नीट टायपिंग करताना तो पॉपअप सहसा येत नाही. येतो तो गेममध्ये पळायला शिफ्ट वापरतात तेव्हा, किंवा झोपलेला स्क्रीन जागा करायला कुणी शिफ्ट टकटकवतं तेव्हा, नाहीतर कापडाने कीबोर्ड पुसताना.

आता मला वाटतं तुमची खरी अडचण ही फीचर्स आहेत म्हणून नाहीये. ती चालू झाली आहेत हे कुणाला ओळखता येत नाही, ही खरी अडचण आहे. पॉपअपमध्ये नाव येतं स्टिकी कीज, आणि इंग्रजीत स्टिकी म्हणजे चिकट, एवढंच आपल्याकडे बऱ्याच जणांना माहीत असतं. एका ताईंनी त्या पॉपअपवरून कीबोर्डवर चहा सांडून कीज चिकटल्यात असा अर्थ काढला आणि स्पिरिटने सगळा कीबोर्ड पुसून काढला, आणि पुसताना परत शिफ्ट दाबली गेली आणि परत तोच पॉपअप, मग त्यांची खात्रीच पटली. त्यांचं काय चुकलं? समोर जे लिहून आलं त्याचा त्यांनी सरळ अर्थ घेतला. कुणी व्हायरस समजतं, कुणी मशीन हॅक झालं म्हणतं, कारण आपण काहीच मागितलेलं नसताना मशीन मधेच काहीतरी विचारतंय आणि कशाबद्दल विचारतंय ते कळत नाहीये, अशा वेळी माणूस घाबरणारच.

म्हणून आधी लक्षणांवरून ओळखायचं कसं ते सांगतो, हे तुम्ही क्लासमधल्या सरांना आणि मॅडमना शिकवून ठेवा. अक्षरं उमटतच नाहीत किंवा की बराच वेळ दाबल्यावर उमटतात, तर फिल्टर कीज. शिफ्ट किंवा कंट्रोल सोडली तरी दाबल्यासारखी वागते, नुसतं एस दाबलं तर फाइल सेव्ह व्हायला लागते, एका फाइलवर क्लिक केलं की आधीची पण सिलेक्ट राहते, तर स्टिकी कीज, त्या बंद करायला शिफ्ट परत पाच वेळा दाबा. उजवीकडच्या नंबरपॅडवर आकडे येण्याऐवजी माउसचा बाण सरकतोय, तर माउस कीज, डावी आल्ट, डावी शिफ्ट आणि नम लॉक एकदम दाबलं की जातं. कॅप्स लॉक किंवा नम लॉक दाबल्यावर बीप वाजतो, तर टॉगल कीज, त्या नम लॉक ५ सेकंद धरल्यावर चालू किंवा बंद होतात. एवढं पाठ असलं तरी निम्म्या तक्रारी जागच्या जागी मिटतात, माझा अनुभव आहे.

आता तुमचा दुसरा प्रश्न, कुणी वापरतं का.

ज्याला एका वेळी एकच की दाबता येते तो माणूस डोळ्यासमोर आणा. अर्धांगवायूने एक बाजू गेलेली असेल, सेरेब्रल पाल्सी असेल, एक हात नसेल, संधिवाताने बोटं वळत नसतील, किंवा हातांनी काहीच होत नाही म्हणून तोंडात काडी धरून टाइप करत असेल. अशा माणसाला मोठी लिपी एक वेळ कॅप्स लॉकने जमेल, पण ॲट द रेटचं चिन्ह? त्याला शिफ्ट लागतेच, कॅप्स लॉकने होत नाही. आणि आता बऱ्याच सरकारी साइटवर पासवर्ड एक मोठं अक्षर, एक आकडा, एक चिन्ह मागतो. म्हणजे शिफ्टवाचून ईमेल पत्ता पण लिहिता येत नाही आणि लॉगिनही होत नाही. काही ऑफिसांमधली मशीन सुरू करतानाच कंट्रोल, आल्ट, डिलीट एकदम दाबा म्हणतात, तीन बटणं एकदम, तिथे तर एकबोटी माणूस दारातच अडकला. स्टिकी कीजमध्ये होतं काय, तर शिफ्ट दाबून सोडायची आणि मग दुसरी की दाबायची, मशीन दोन्ही एकदम दाबल्यासारखं धरतं. शिफ्ट लागोपाठ दोनदा दाबली की ती लॉक होते, तिसऱ्यांदा दाबली की सुटते. बस, एवढंच ते फीचर आहे.

आणि खरं सांगायचं तर तुम्ही स्वतः ते रोज वापरता. मोबाइलवर इंग्रजी टाइप करताना शिफ्टचा बाण एकदा टॅप करून बोट उचलता आणि मग अक्षर टॅप करता, दोनदा टॅप केलं की मोठी लिपी लॉक होते. मोबाइलवर कुणी शिफ्ट दाबून धरत बसत नाही. ज्यांनी टायपिंग क्लासमध्ये गोदरेजच्या टाइपरायटरवर बोटं बडवली आहेत त्यांना शिफ्ट लॉकची ती की आठवत असेल, दाबली की अडकून राहायची. म्हणजे ही कल्पना आपल्याला परकी नाहीये, कॉम्प्युटरवर तिचं नाव तेवढं परकं आहे.

मराठी टायपिंगला तर हे इंग्रजीपेक्षा जास्त लागतं, आणि यावर कुणी फारसं बोलत नाही म्हणून जरा थांबून सांगतो. इनस्क्रिप्ट लेआउटमध्ये, म्हणजे मराठी टायपिंगच्या सरकारी कीबोर्ड मांडणीत, क साधा येतो पण ख ला शिफ्ट, ग साधा घ ला शिफ्ट, तसंच छ, झ, ठ, ढ, थ, ध, फ, भ. ण ला शिफ्ट, ळ ला शिफ्ट, श आणि ष ला शिफ्ट. शिवाय मात्रा साध्या आणि पूर्ण स्वर शिफ्टवर, म्हणजे शब्द अ, आ, इ, उ, ए ने सुरू झाला की शिफ्ट आलीच. "शाळा" लिहायला चार कीज आणि दोनदा शिफ्ट. "खेळ" ला तीन कीज, दोनदा शिफ्ट. आणि "आणि", जो शब्द आपण प्रत्येक वाक्यात लिहितो, त्याच्या तीन कीजमध्ये दोनदा शिफ्ट. इंग्रजीत वाक्य सुरू करताना एकदा शिफ्ट लागते मग ओळभर नाही लागली तरी चालतं, मराठीत जवळजवळ प्रत्येक शब्दात ती लागते. एका हाताने इंग्रजी टाइप करणारा कसंतरी भागवतो, एका हाताने इनस्क्रिप्ट करणारा दहा मिनिटांत थकतो.

एका पतसंस्थेत एक काका होते, पॅरालिसिसच्या झटक्यानंतर उजवा हात गेलेला, व्हाउचर आणि पत्रं मराठीत लिहायचं काम. डाव्या हाताने टाइप करायचे आणि शिफ्ट लागली की उजव्या हाताचं मनगट डाव्या हाताने उचलून शिफ्टवर ठेवायचे, मग अक्षर, मग मनगट परत खाली. मनगटाच्या वजनाने शिफ्ट दाबलेली राहायची. चार वर्षं असं काम करत होते ते. मला त्यांनी बोलावलं होतं प्रिंटर बिघडला म्हणून. मी प्रिंटर बाजूला ठेवला आणि शिफ्ट पाच वेळा दाबून दाखवली. त्यांनी "आणि" लिहिलं, मग परत लिहिलं, मग ओळभर "आणि आणि आणि" लिहीत गेले आणि काही बोलले नाहीत. तो पॉपअप त्यांनी त्याआधी पाहिला होता का विचारलं तर म्हणाले हो, कितीदा तरी, मला वाटायचं काहीतरी एरर आहे म्हणून नाही करत होतो.

हे मला सगळ्यात जास्त लागलं, अजून लागतं. ज्याला नको आहे त्याला ते बिघाड वाटतं हे समजू शकतो, पण ज्याच्यासाठी बनवलंय त्यालाही ते बिघाडच वाटलं.

आणि आणखी एक अडचण अशी की माहीत असूनही लोक घेत नाहीत. एक रिटायर्ड मास्तर, कंपवाताने हात थरथरायचा, एक की दाबायला गेले की तीनदा दाबली जायची. मी अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पान उघडलं, त्यांनी वर माणसाचं चिन्ह पाहिलं आणि म्हणाले मला अपंगांचं काही नको, मी अजून धडधाकट आहे. तेव्हापासून मी नाव सांगणं सोडलं. आता मी फक्त विचारतो, अक्षर दोन-तीनदा उमटतंय का, ते एकदाच उमटेल असं करू का? मास्तरांनाही पुढच्या खेपेला असंच विचारलं, लगेच हो म्हणाले. स्टिकी कीजला मी "एका हाताची सेटिंग" म्हणतो, फिल्टर कीजला "थरथरीची सेटिंग". हात प्लास्टरमध्ये असलेली मुलगी असो, एका हातात बाळ घेऊन फॉर्म भरणारी आई असो, एका हाताची सेटिंग म्हटलं की कुणीच मागे सरत नाही.

मास्तरांना जी लावून दिली ती फिल्टर कीजमधली बाउन्स कीज, तीच की लगेच परत दाबली गेली तर मशीन दुसरा ठोका सोडून देतं, साधारण अर्धा सेकंद धरून. इथे इनस्क्रिप्टचा फायदा होतो, कारण "अन्न" किंवा "अण्णा" लिहिताना दोन न च्या, दोन ण च्या मधे हलंताची की येते, त्यामुळे जोडाक्षरं अडत नाहीत. अडतात ते "ननंद", "ममता", "बबन" असे शब्द, जिथे तेच अक्षर लागोपाठ येतं, तिथे जरा थांबून दुसरं दाबायचं. मास्तरांना हे एकदा सांगितलं तेवढं पुरलं. जुन्या कीबोर्डची एखादी की घासून डबल उमटत असेल तरी हीच सेटिंग नवीन कीबोर्ड येईपर्यंत काम भागवते, हे तुम्हाला क्लासमध्येही उपयोगी पडेल.

आता पॉपअपचा शॉर्टकट मुळात असतोच का, हा मुद्दा. तुम्ही म्हणाल ज्याला हवंय त्याने सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं, सगळ्यांना कशाला विचारता. पण मशीन त्याचं स्वतःचं नसेल तेव्हा काय? हा शॉर्टकट दुसऱ्याच्या मशीनसमोर बसलेल्या माणसासाठी आहे. सायबर कॅफे, कॉलेजची लॅब, परीक्षा केंद्र, बँकेतला कस्टमरसाठी ठेवलेला कॉम्प्युटर, तुमचा क्लास. तिथे तो कुणालाही न विचारता शिफ्ट पाच वेळा दाबतो आणि कामाला लागतो, लॉगिन स्क्रीनवर पण चालतं, जिथे सेटिंग उघडताच येत नाही. एकाच कीने चालू व्हायला हवं कारण दोन कीज एकदम दाबता येत नाहीत हीच तर त्याची अडचण आहे, आणि चुकून लागू नये म्हणून पाच वेळा. अमेरिकेत विस्कॉन्सिन विद्यापीठाच्या ट्रेस सेंटरमध्ये ग्रेग व्हँडरहायडन आणि त्यांच्या सोबतच्या लोकांनी १९८० च्या दशकात यावर काम केलं, आधी ते वेगळं घालावं लागायचं, मग १९९५ च्या विंडोजपासून ते आतच आलं. आतच असणं महत्त्वाचं आहे, कारण वेगळं सॉफ्टवेअर असतं तर प्रत्येक लॅबमध्ये आधी ते टाकून द्या म्हणून कुणाच्या तरी पाया पडावं लागलं असतं.

मी एक मुलगी बघितली आहे, सेरेब्रल पाल्सी, एका बोटाने टाइप करते पण अचूक करते. तिची सवयच आहे, कुठल्याही मशीनसमोर बसली की आधी पाच वेळा शिफ्ट. एका लॅबमध्ये बसली, पाच वेळा दाबलं, काही झालं नाही, परत दाबलं, काही नाही. तिथल्या माणसाने तुमच्यासारखीच कटकट नको म्हणून सगळ्या मशीनवरून शॉर्टकट काढला होता. तिचं बोलणं अनोळखी माणसाला पटकन कळत नाही, त्यामुळे काय हवंय ते सांगता सांगता तिची वेळ संपली. घरी आल्यावर तिच्या आईने मला फोन केला तेव्हा हे कळलं. त्या माणसाच्या मनात काही वाईट नव्हतं, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं की हे कशासाठी आहे.

म्हणून माझा सल्ला परिस्थितीवर आहे. मशीन तुमच्या घरचं असेल, एकटे वापरता, गेम खेळता, तर शॉर्टकट बिनधास्त बंद करा, त्यात काही चूक नाही. विंडोज ११ मध्ये सेटिंगमध्ये अ‍ॅक्सेसिबिलिटी, तिथे कीबोर्ड, तिथे स्टिकी कीजच्या आत शॉर्टकटचा वेगळा टॉगल आहे, विंडोज १० मध्ये त्याच पानाला ईज ऑफ अ‍ॅक्सेस म्हणतात. विंडोज की आणि यू दाबलं की दोन्हीकडे सरळ तिथे पोचता. लक्षात घ्या, शॉर्टकट बंद करणं वेगळं आणि फीचर बंद करणं वेगळं, लोक फीचर बंद करतात, शॉर्टकट तसाच राहतो आणि मग म्हणतात बंद केलं तरी परत येतं.

क्लासच्या मशीनवर मात्र मी स्टिकी कीजचा शॉर्टकट काढणार नाही, १४ च्या १४ मशीनवर ठेवेन. फिल्टर कीजच्या बाबतीत थोडा विचार करेन. तिचा शॉर्टकट चुकून लागला तर मशीन मेल्यासारखंच होतं, त्यामुळे अगदी लहान मुलांची बॅच जिथे बसते त्या दोन-तीन मशीनवर तो बंद केला तरी मी समजून घेईन, बाकीच्यांवर ठेवा. ही सेटिंग प्रत्येक यूजर अकाउंटची वेगळी असते हे पण ध्यानात ठेवा, मुलांच्या अकाउंटवर बंद आणि मोठ्यांच्या अकाउंटवर चालू असं करता येतं. चालू-बंद होताना आवाज करणारा आणि टास्कबारवर चिन्ह दाखवणारा पर्याय सगळीकडे चालू ठेवा, म्हणजे काहीतरी चालू झालंय हे निदान दिसतं.

तुमच्या मित्राने सांगितलंय ना की हॅकर लोक या शॉर्टकटमधून लॉगिन स्क्रीनवरून आत घुसतात, ते अर्धं खरं आहे. पाच वेळा शिफ्ट दाबल्यावर विंडोज एक छोटा प्रोग्राम चालवतं, आणि ती फाइल बदलून तिथे दुसरा प्रोग्राम ठेवला तर लॉगिन न करता तो चालतो, ही युक्ती जुनी आणि प्रसिद्ध आहे. पण ती फाइल बदलायला आधी मशीनवर पूर्ण ताबा लागतो, नाहीतर पेन ड्राइव्हवरून मशीन बूट करून डिस्क उघडावी लागते. ते दार बंद करायचं असेल तर बायोसला (विंडोजच्याही आधी चालू होणाऱ्या मशीनच्या सेटिंगला) पासवर्ड लावा, पेन ड्राइव्हवरून बूट होणं बंद करा, डिस्क एन्क्रिप्ट करा. शॉर्टकट काढून ते दार बंद होत नाही, फक्त त्या मुलीचं दार बंद होतं.

एक गोष्ट अजून, सामायिक मशीनची. स्टिकी कीजच्या सेटिंगमध्ये एक पर्याय असतो, दोन कीज एकदम दाबल्या की स्टिकी कीज बंद करा असा. तो चालू असला की दोन्ही हात चालणारा पुढचा मुलगा बसून कंट्रोल सी करतो आणि ते आपोआप जातं. क्लाससाठी हा पर्याय चालू असणं सोयीचं, तुमची निम्मी तक्रार यानेच जाईल. पण ज्याचे हात थरथरतात, ज्याची बोटं चुकून दोन कीजवर पडतात, त्याच्या स्वतःच्या मशीनवर तो बंदच ठेवावा लागतो नाहीतर दर दोन मिनिटांनी स्टिकी कीज गायब होतात आणि त्याला वाटतं आपल्याला हे जमत नाही. असा विद्यार्थी आला तर त्याला वेगळं अकाउंट करून द्या.

आणि असा विद्यार्थी येणार, तुम्ही टायपिंगच्या बॅच पण घेता म्हणून सांगतोय. ३० आणि ४० शब्दांची परीक्षा असो की नोकरीची ऑनलाइन परीक्षा, त्याला आधीच सांगा की केंद्रावर लेखी विचारून ठेव. दिव्यांग उमेदवारांच्या लेखी परीक्षांसाठी केंद्र सरकारने २०१८ साली ज्या मार्गदर्शक सूचना काढल्या त्यात उमेदवाराला कॉम्प्युटर एक दिवस आधी तपासून बघू द्यावा, कीबोर्ड, खास माउस अशी साधनं वापरू द्यावीत, आणि तासाला किमान २० मिनिटं जादा वेळ द्यावा असं लिहिलं होतं, आत्ताचे नियम केंद्रावर विचारून घ्या. बऱ्याच जणांना स्क्राइबबद्दल, म्हणजे लेखनिकाबद्दल, तेवढं माहीत असतं, मशीन आधी तपासायला मागता येतं हे माहीत नसतं. आणि तपासायला गेला की पहिलं काम, शिफ्ट पाच वेळा दाबून बघणं, कारण काही परीक्षांची सॉफ्टवेअर कीबोर्डचे शॉर्टकट अडवतात आणि ते आदल्या दिवशी कळलेलं बरं.

क्लासमध्ये मी लगेच काय करेन ते सांगतो. प्रत्येक मॉनिटरच्या खाली एक कागद चिकटवा, मराठीत, मोठ्या अक्षरात. मी जिथे जिथे लावलाय तिथे असं लिहितो: "एका हाताने टाइप करायचंय? शिफ्ट पाच वेळा दाबा. नको असेल तर परत पाच वेळा. अक्षरं उमटत नाहीत? उजवी शिफ्ट आठ सेकंद धरा." एवढंच. कुणाला अपंग म्हटलेलं नाही, कुठलं इंग्रजी नाव नाही, आणि पॉपअप आल्यावर पोरं घाबरत नाहीत कारण ते काय आहे ते समोर लिहिलंय. पहिल्या दिवशी सगळी पोरं करून बघतील, करू द्या, दोन दिवसांत नवलाई संपते. आणि नवीन बॅचला एकदा पाच मिनिटं सगळ्यांना एक हात मागे धरून शाळा, खेळ, आणि असे शब्द लिहायला लावा, आधी स्टिकी कीजशिवाय आणि मग स्टिकी कीज लावून. मी हे दोन क्लासमध्ये करून घेतलंय, त्यानंतर तिथल्या मुलांनी त्या पॉपअपला बिघाड म्हटलेलं मी ऐकलं नाही.

नऊ नंबरच्या मशीनवर उजवी शिफ्ट धरून बघा आणि काय झालं ते इथे लिहा. आठ सेकंदांनंतरही काहीच हललं नाही तर माउसने अ‍ॅक्सेसिबिलिटीचं पान उघडा आणि फिल्टर कीज चालू दिसतात का ते सांगा, लॉगिनच होत नसेल तर लॉगिन स्क्रीनवर खाली उजव्या कोपऱ्यात त्याच पर्यायांचं एक चिन्ह असतं तिथून बघता येतं. तिथे सगळं बंद असेल तर मात्र यूएसबीचं पोर्ट बदलून बघा, आणि काढून ठेवलेले ते दोन जुने कीबोर्ड फेकू नका, ते बहुतेक चांगले असतील.